बोटावरचा दोरा

तंबूची पिशवी उलटी केली तर
खुंट्या निघाल्या चौदा, चित्रात होत्या सोळा.
यशोधन म्हणाला, दोन चमचे ठोकू.
ठोकले.
धामोडच्या अलीकडे, तुळशी धरणाच्या काठावर,
पाणी मागे हटून उघड्या पडलेल्या गाळावर
आमचं निळं घर उभं राहिलं, जरा कलून,
दुसऱ्याच्या लग्नात फेटा बांधलेल्या माणसासारखं.

आण्णा गाडीतून उतरले आणि ओरडले,
"पाणी लई हाय की रं!"
पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

अडतीस वर्षं उद्यमनगरात, पॉवर प्रेससमोर.
कान तिथेच राहिले,
वॉशरच्या ढिगात कुठेतरी.
आता कुणाशीही बोलायचं म्हणजे
चालू मशीनवरून पलीकडच्याला हाक मारायची.

हळू बोला, मी हाताने सांगितलं, मासे पळतील.
"मासं काय सुपरवायझर हाय व्हय, भ्यायला!"

माझा गळ नवाकोरा. चकचकीत रीळ,
लाल गोळा, व्हिडिओ बघून मारलेली गाठ.
दोन तासांत अकरा गांडुळं
पाण्याखालच्या मंडळींनी जेवून घेतली.
सुलक्षणाने कालवणाचा कांदा चिरलाच नाही.
मुकाट्याने खर्डा काढला, भाकरीवर ठेवला,
माझ्याकडे बघितलंही नाही.
हे बघणं असतं, तेवढंच वाईट.

चार वाजता भैरू होडी घेऊन आला.
जाकिटं तीन, माणसं पाच.
एक पोरीला, एक पोराला,
आणि तिसरं शर्वरीने आण्णांच्या सदऱ्यावर चढवून
पट्टे इतके आवळले
की म्हातारा नारिंगी गठुळ्यासारखा दिसू लागला.

मध्यावर भैरूने वल्हं उचललं.
बाटलीला गुंडाळलेला साधा दोरा
त्याने आण्णांच्या हातात दिला. काठी नाही, गोळा नाही.
आण्णांनी तो तर्जनीला एक वेढा घालून धरला.
त्याच तर्जनीला,
जिचं टोक दिवाळीच्या बोनसआधी आठ दिवस
प्रेसने नेलं होतं.
त्या आखूड बोटाला थंडीत मुंग्या येतात, एवढंच
आम्हाला माहीत.

मग ते गप्प झाले.

होडीच्या पत्र्याला पाणी चाटत होतं, ते ऐकू आलं.
यशोधनची उचकी ऐकू आली.
कुठल्या तरी वाडीत कुणी म्हशीला शिव्या देत होतं,
त्यातली प्रत्येक शिवी स्वच्छ.
आणि आण्णा डोळे मिटून,
मान थोडी तिरकी,
जणू फोनवर कुणी लांबचं बोलतंय.

"आलाय," ते म्हणाले.
कुजबुजले.
मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे.
माझ्या बापाला कुजबुजता येतं
हे मला आज कळलं.

"अजून नाक लावतोय नुसतं... थांब...
आता तोंडात धरला... थांब की..."
आमच्यातलं कुणीच हललं नव्हतं.
थांब कुणाला म्हणत होते, त्याला, की बोटाला?
मग एक हिसका,
आणि पुन्हा तोच जुना आवाज,
"घावला रं भाड्या!"
बगळे पुन्हा उडाले.

चिलापी होती. हाताच्या पंजाएवढी.
पाच जणांत एक मासा
आम्ही निखाऱ्यावर भाजला,
काट्यासकट मोजून वाटला.
सुलक्षणा म्हणाली, मीठ कमी पडलंय,
आणि बोटं चाटली.

रात्री दोन तंबूंत दिवे विझले.
शर्वरीने आपल्या अंगठ्याला दोरा बांधला,
दुसरं टोक पलीकडच्या तंबूत, आण्णांच्या बोटाला.
एक हिसका म्हणजे झोपला का.
दोन म्हणजे नाही.
तीन कशाला, ते मला कुणी सांगितलं नाही.

मध्यरात्री जाग आली.
पोर गाढ झोपलेली, हात लांब पडलेला,
दोरा माझ्या छातीवरून जाणारा.
मी त्याला नुसतं बोट लावलं.
बराच वेळ काही नाही. वारा असेल तेवढाच.
मग हलकेच
एक हिसका आला.

मी दोन दिले.